फक्कीची रेघ

दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही पोचलो तेव्हा कमान उतरवून झाली होती. हवा भरलेली ती मोठी कमान रस्त्याकडेला चुरगळून पडली होती आणि दोन मुलं तिच्यावर लोळून उरलीसुरली हवा काढत होती. पदकांचे खोके टेम्पोत चढले होते. एक मावशी केळ्यांची सालं झाडून ढीग लावत होत्या. आई थांबली, तिनं इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "अगं, रेघ कुठंय?"

रेघ म्हणजे रस्त्यावर आडवी चिकटवलेली लाल पट्टी. सकाळी निघताना आम्ही ती बघितली होती. आता ती उपटून नेली होती. आईनं काठी डांबरावर इथंतिथं टेकवून पाहिली. एका जागी काठीचं रबर किंचित चिकटलं. "इथंच होती. डिंक लागतोय बघ." मग काठी पुढे, डावा पाय, मग उजवा, असं करत तिनं तो डिंकाचा पट्टा ओलांडला. "झालं," ती म्हणाली. "रिक्षा बघ आता."

ही जानेवारी २०२३ मधली गोष्ट. ती शर्यत कुणाची होती ते सांगत नाही, कारण त्या दिवशी आमच्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं. पण त्या डिंकाच्या पट्ट्यानं मला पुढचे जवळजवळ अकरा महिने कामाला लावलं. त्या महिन्यांत जे शिकले ते लिहून ठेवते आहे.

आईला पक्षाघात झाला २०२१ च्या दिवाळीनंतर, झोपेत. सकाळी उठायला गेली तर डावी बाजू साथ देईना. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेत आलेल्या झटक्याची वेळ आम्ही काय सांगणार? ती संधी हुकली. आई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. ठाण्याच्या नौपाड्यातलं आमचं घर पहिल्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. तीन महिने ती जिना उतरली नाही.

जवळच एक रुग्णसाहित्य केंद्र आहे. अनामत भरायची, वस्तू न्यायची, गरज संपली की परत द्यायची. तिथून आधी कमोडची खुर्ची आली, मग वॉकर, मग चार पायांची काठी. आमच्या घरातली आईची प्रगती त्या केंद्राच्या वहीत नोंदवलेली आहे, कुठली वस्तू कधी नेली आणि कधी परत केली या तारखांमध्ये.

फिजिओथेरपीला येणारी मुलगी फार चिकाटीची. तिच्या क्लिनिकच्या बोळात तिनं जमिनीवर तीस मीटरच्या खुणा केल्या होत्या. सहा मिनिटांत माणूस किती चालतो ते मोजायची एक चाचणी असते, ती या तीस मीटरवर येरझारा घालून करतात. पहिल्यांदा आई दीड फेरीतच खुर्चीवर बसली. डिसेंबर २०२२ मध्ये सहा मिनिटांत १२० मीटर चालली. मुलगी म्हणाली, "काकू, आता बोळ पुरे. एखाद्या शर्यतीत नाव द्या की. चालायचं तर आहेच, मग चार लोकांत चालू."

आईला ते इतकं पटलं की ती रोज संध्याकाळी मला तलावपाळीवर घेऊन जायला लागली. तिथली गर्दी, भेळेच्या गाड्या, नावेची वाट बघणारी पोरं, यांतून वाट काढत चालायचं. रंगायतनसमोर पोचलो की बाकावर बसायचं आणि परत फिरायचं. एका शर्यतीची जाहिरात दिसली. तीन किलोमीटर, "सर्वांसाठी", वयाची, वेगाची, क्षमतेची अट नाही, जमा होणारा पैसा एका चांगल्या कामाला. दोघींची नावं दिली.

अर्जात एक चौकोन होता: दिव्यांग असल्यास प्रमाणपत्र जोडा. आईकडे प्रमाणपत्र नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होत्या. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मी चौकोन रिकामा सोडला. म्हणजे कागदावर आई धडधाकट माणूस झाली. आज मी ठाम सांगते, चालायच्या कार्यक्रमाला प्रमाणपत्र मागूच नये. "तुम्हाला काय काय लागेल?" एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहायला चार ओळी मोकळ्या सोडाव्यात. एखाद्या बाईला नुसती हात असलेली खुर्ची हवी असते. त्यासाठी तिनं सरकारी दवाखान्यात रांग का लावायची?

शर्यतीच्या दिवशी आधी दहा किलोमीटरवाले सुटले, मग पाच किलोमीटरवाले आणि साडेसात वाजता आम्ही. दहाव्या मिनिटाला आम्ही सगळ्यांत मागे होतो, विसाव्या मिनिटाला आमच्या पुढचा माणूस दिसेनासा झाला. नऊ वाजता एक गोड मुलगा मोटरसायकलवरून आला. "आंटी, गाडी मागवतो, शेवटपर्यंत सोडतो." आई म्हणाली, "नको बाळा, मी चालायला आलेय." त्याचा नाइलाज होता. रस्ता नऊलाच मोकळा करायचा होता. अडथळे उचलले गेले आणि बस, टेम्पो, रिक्षा सगळं सुरू झालं. उरलेलं अंतर आम्ही गटाराच्या कडेकडेनं काढलं. पाण्याची टेबलंही गुंडाळली होती. घराहून नेलेली बाटली आम्ही दोघी पुरवून पुरवून प्यायलो.

त्या रात्री मी कागदावर एक साधं गणित मांडलं. सहा मिनिटांत १२० मीटर म्हणजे तासाला १.२ किलोमीटर. तीन किलोमीटरला अडीच तास, विसावा वेगळा. साडेसातला सुटलेली आई दहाच्या आत पोचणं शक्यच नव्हतं आणि रस्ता नऊला उघडणार होता. म्हणजे आमचं नाव घेतलं त्या क्षणीच आम्हाला रेघ मिळणार नाही हे ठरलं होतं. हे कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, कारण हे गणित कुणी केलंच नव्हतं. व्हीलचेअरचा उतार, पाण्याचं टेबल, कानठळ्या बसवणारं संगीत, यांवर लोक बोलतात आणि बोलायलाच हवं. पण माझ्या मते सगळ्यांत आधी लागते ती वेळ. रेघ जागेवर नसेल तर उतार करून कुठं जायचं?

फेब्रुवारीत काठी बदलायला केंद्रात गेले तेव्हा हे सगळं अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे केंद्र सांभाळणारे विश्वस्त, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आपणच करू. मला व्हीलचेअर कमी पडतायत. चारशे माणसं नकोत, दोनशे आली तरी चालतील."

बैठका केंद्राच्या मागच्या खोलीत, वॉकरच्या रांगेशेजारी व्हायच्या. अण्णा, फिजिओ मुलगी, आमच्या इमारतीतल्या तिघी आणि माझ्या बँकेतला एक सहकारी. हा ठाणे महापालिकेच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये भर पावसात धावलेला आणि दर जानेवारीला मुंबई मॅरेथॉनला जाणारा. २००४ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीत ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी वेगळे गट असतात, ते कसे सोडतात हे त्यानं बघितलं होतं. आम्हाला हवं होतं त्याहून थोडं वेगळं. वेगळा गट नको, एकच रस्ता हवा.

पहिला वाद क्रमांकांवरून झाला. पहिल्या तिघांना चषक दिला नाही तर तरुण मुलं येणार नाहीत, असं दोघांचं मत. मी तेव्हा टेरी फॉक्सबद्दल वाचत होते. कर्करोगानं उजवा पाय गमावलेला कॅनडाचा हा मुलगा १९८० साली कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि आजार फुफ्फुसांत पोचल्यामुळे त्याला थांबावं लागलं. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याच्या नावानं आजही जगभर लोक धावतात, चालतात, पण त्यात स्पर्धा नसते आणि कुणी विजेता नसतो. हे मी बैठकीत वाचून दाखवलं. सहकारी थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ठीक आहे. घड्याळ नको. ज्याला वेळ मोजायचीय तो आपल्या मनगटावर मोजेल." वेळ नोंदवणाऱ्या रबरी पट्ट्याही त्याबरोबर गेल्या. रस्त्यावर आडवी येणारी तेवढी एक उंची कमी झाली.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या पार्करनकडून घेतली. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनी सुरू केलेला हा दर शनिवारचा पाच किलोमीटरचा उपक्रम. त्यांच्याकडे एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या मागे चालतो. त्यामुळे भाग घेणाऱ्यांपैकी कुणीही शेवटचा ठरत नाही. या माणसाला मराठीत काय म्हणायचं यावर बराच खल झाला. मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, पाठराखीण म्हणा की." नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. शब्द असा चपखल बसला की पुढे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हे काम मी मागून घेतलं.

जागा ठरली उपवन. येऊरच्या पायथ्याचा तलाव, सकाळी झाडांची गार हवा आणि रविवारी एरवीही तिथं चालणाऱ्यांची वर्दळ असते. तलावाच्या कडेचा पाचशे मीटरचा पट्टा घ्यायचा, टोकाला जाऊन परत फिरायचं, अशा तीन फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटर. ज्याला एकच फेरी झेपेल त्यानं एकच करावी, त्यालाही तेच पदक. पाच किलोमीटरवाल्यांनी पाच फेऱ्या धावाव्यात. अशा रस्त्याचा मोठा फायदा म्हणजे कुणीही सुरुवातीच्या जागेपासून पाचशे मीटरपेक्षा लांब जात नाही. रुग्णवाहिका एकच लागते. आणि सगळी माणसं सारखी एकमेकांना समोरून भेटत राहतात. जानेवारीत आम्हाला जे एकटेपण लागलं होतं त्यावर हाच खरा उपाय होता.

रस्ता बघायला आम्ही तीनदा गेलो. दुसऱ्या खेपेला व्हीलचेअर वापरणारे एक गृहस्थ आणि लहानपणापासून न दिसणाऱ्या एक ताई बरोबर आल्या. त्या दोघांनी दीड तासात जे दाखवलं ते आम्हाला सहा महिन्यांत सुचलं नसतं. फूटपाथवरून रस्त्यावर उतरायला एक वीतभर उंचीची कड होती. आम्ही म्हटलं, एक फळी टाकू. गृहस्थ म्हणाले, "फूटभर लांब फळी टाकलीत तर मी तोंडावर आपटेन. एकास बारा धरा. जितकी उंची त्याच्या बारापट लांबी." मोजलं तर नऊ इंचांच्या कडेला नऊ फुटांचा उतार हवा होता. सुताराकडून करून घेतला. ताईंनी आम्हाला हात धरायला शिकवलं. "माझा दंड पकडून मला ढकलू नका. मी तुमचा कोपर धरते, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. तुम्ही वळलात की मला आपोआप कळतं." गतिरोधक आला की "आता" म्हणून ओरडायचं नाही, चार पावलं आधी साध्या आवाजात सांगायचं.

फिरत्या शौचालयाच्या गाडीला चार लोखंडी पायऱ्या असतात हे मी तोवर कधी लक्षात घेतलं नव्हतं. आईला ती गाडी असूनही नसल्यासारखीच. शेवटी रस्त्यालगतच्या एका सोसायटीनं तळमजल्यावरचं शौचालय उघडून दिलं. दाराची रुंदी फितीनं मोजून मगच हो म्हटलं. दर शंभर मीटरवर दोन खुर्च्या ठेवायच्या ठरल्या, पण हात असलेल्या. पक्षाघात झालेलं माणूस बिनहाताच्या खुर्चीत बसतं, त्यातून उठताना मात्र त्याला रेटायला काहीच मिळत नाही. मांडववाल्यानं पन्नास खुर्च्या पाठवल्या, त्यांत हातवाल्या मोजक्याच निघाल्या. उरलेल्या आम्ही घराघरांतून गोळा केल्या. वेताच्या, प्लास्टिकच्या, एक तर शिसवी आरामखुर्ची.

परवानग्यांचं काम अण्णांनी केलं. पोलीस ठाणं, वाहतूक शाखा, महापालिकेची प्रभाग समिती. कागद खूप होते, माणसं समजून घेणारी भेटली. आम्हाला साडेपाचला सुरुवात करायची होती. एका हवालदार साहेबांनी सांगितलं, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. फिजिओ मुलगीही म्हणाली की अंधारात माझे पेशंट पडतील. डिसेंबरात ठाण्यात सूर्य सात वाजायच्या सुमारास उगवतो. मग साडेसहा ठरले, आणि रस्ता साडेनऊपर्यंत आमचा. आईचा वेग तोवर सहा मिनिटांत १५० मीटर झाला होता. दोन तास चालणं आणि अर्धा तास विसावा म्हणजे नऊ. अर्धा तास हाताशी शिल्लक.

आणि क्रम उलटा. सगळ्यांत सावकाश चालणारे सगळ्यांत आधी सुटणार, साडेसहाला. पाच किलोमीटर धावणारे शेवटी, आठ वाजता. धावणारा अर्ध्या-पाऊण तासात पाच किलोमीटर संपवतो, म्हणजे दोन्ही टोकं नऊच्या आसपास रेघेवर एकत्र येतात. हे कागदावर जुळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं कठीण आहे. सुरुवातीला हिरवं निशाण आणि आवाज दोन्ही. निशाण ऐकू न येणाऱ्यांसाठी, आवाज न दिसणाऱ्यांसाठी.

ढोल-ताशाचा प्रश्न नाजूक होता. ठाण्यात कार्यक्रम आणि पथक नाही, हे लोकांना पटत नाही. पण नावं देणाऱ्यांत स्वमग्न मुलांचे दोन पालक होते. त्यांनी त्या चार मोकळ्या ओळींत एकच गोष्ट लिहिली होती: अचानक मोठा आवाज नको. पथकातल्या मुलांना बोलावून तो कागद दाखवला. ती मुलं म्हणाली, आम्ही नुसती झांज वाजवू, तीही दूरच्या टोकाला, आठनंतर. एवढं सोपं निघालं ते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची मला धास्ती होती, काठी बघून ती भुंकतात. त्यांना रोज खायला घालणाऱ्या बाईंनी त्या दिवशी पहाटेच सगळ्यांना लांबच्या गल्लीत नेऊन जेवू घातलं.

पैशांबद्दल थोडक्यात. प्रवेश फी तीनशे रुपये, ज्याला जमत नाही त्याला माफ. अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं की प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे, तिच्या बदल्यात टी-शर्ट आणि नाश्ता मिळतो. देणगी वेगळी, तिची पावती वेगळी. रोख दोन हजारांच्या वर दिलं तर देणगीवरची आयकरातली सवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइनच घ्यायची. हिशेब आम्ही केंद्राच्या दारावर लावला. त्या पैशांतून आलेल्या व्हीलचेअर आज वहीत नोंद होऊन घरोघरी फिरताहेत.

तारीख रविवार, ३ डिसेंबर २०२३. आम्ही रविवार बघून ठरवली. हा जागतिक दिव्यांग दिनही आहे हे न दिसणाऱ्या ताईंनी लक्षात आणून दिलं.

पहाटे पाचला आईला टी-शर्ट चढवला. आधी डावा, लुळा हात घालायचा, मग डोकं, मग उजवा. काढताना उलट क्रम. या दोन वर्षांत आमच्या हातांना ते इतकं सवयीचं झालंय की दोघी न बोलता करतो. नंबरचा कागद तिनं स्वतः लावायचा हट्ट धरला. एका हातानं सेफ्टी पिन लावणं काय असतं ते करून बघा. सात मिनिटं लागली. मी मदतीला हात पुढे केला नाही.

उपवनला पोचलो तर सहकारी रस्त्यावर फक्की मारत होता. ही कल्पना आईची. चिकटपट्टी नको, ती म्हणाली होती. खो-खोच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की मारा. पुसली तर परत मारता येते.

साडेसहाला निशाण हललं. सत्तरेक माणसं असतील पहिल्या गटात. काठ्या, वॉकर, व्हीलचेअर, एक बाळाची गाडी, दोन माणसं नुसतीच हळू चालणारी. आई आणि फिजिओ मुलगी पुढे निघाल्या. मी पाठराखीण, म्हणून मागे राहिले. याचा अर्थ मला नीट कळला तो तेव्हा. आई माझ्याशिवाय चालणार होती.

मी ज्यांच्या मागे होते ते एक काका होते, कंपवाताचे. बरोबर काकू. काका शंभर मीटर बरे चालायचे आणि मग एकदम पाय जमिनीला खिळायचे. वरचं अंग पुढे झुकतं, पाय मात्र उचलतच नाहीत. काकू शांतपणे थांबायच्या. "घाई केली की जास्त अडकतात," त्या मला म्हणाल्या. आम्ही झाडांबद्दल बोललो, काकांच्या कल्याणच्या नोकरीबद्दल, रेल्वेच्या पासाबद्दल. उजाडलं. येऊरचा डोंगर आधी करडा आणि मग हिरवा झाला. दर फेरीत आई समोरून येताना दिसायची. पहिल्यांदा तिनं काठी उचलून दाखवली आणि मुलीनं तिला ओरडलं. दुसऱ्यांदा ती कुणा अनोळखी बाईशी बोलण्यात इतकी गुंग होती की मी तिला दिसलेच नाही. तिसऱ्यांदा दमली होती. ओठ घट्ट मिटलेले. ती पुढे गेली आणि मला वळून तिच्याकडे धावत जावंसं वाटलं. पण काका नेमके तेव्हाच अडकले होते.

आठनंतर धावणारे सुटले, दूरवर झांज वाजायला लागली. तरुण मुलं आमच्या बाजूनं वाऱ्यासारखी जायची आणि जाताना "काका, मस्त!" म्हणायची. काका दर वेळी मान हलवून उत्तर द्यायचे. आई कधी पोचली ते मी पाहिलं नाही. टाळ्या ऐकू आल्या, त्या तिच्यासाठी होत्या की नाही कुणास ठाऊक. नंतर कळलं, आठ पंचावन्न.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिघं शेवटच्या टप्प्यात आलो. रेघ जागेवर होती. कमान आम्ही केलीच नव्हती, दोन बांबू आणि झेंडूचं तोरण होतं. तेही जागेवर होतं. शे-दीडशे माणसं हातात पोह्यांच्या बश्या घेऊन दोन्ही बाजूंना उभी. आणि रेघेपाशी आई हातांच्या खुर्चीत बसलेली. शेकडो पायांनी फक्की पुसून गेली होती, म्हणून ती एका मुलाला बसल्या जागेवरून सांगत होती, "अजून एक हात मार. त्यांना दिसायला हवी."

रेघ सहा-सात पावलांवर राहिली आणि काकांचे पाय खिळले. इतकी माणसं बघत होती, त्यानं अजूनच. दोन मिनिटं गेली, तीन गेली. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ते अधिकच वाईट झालं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात फिजिओ मुलगी पुढे आली. तिनं लोकांना हातानंच शांत केलं, त्या मुलाच्या हातातलं फक्कीचं घमेलं घेतलं आणि काकांच्या पायांपुढे रस्त्यावर एक आडवी रेघ ओढली. मग एका पावलाच्या अंतरावर दुसरी. मग तिसरी. शेवटच्या रेघेपर्यंत तिनं जिन्यासारख्या पांढऱ्या रेघा ओढत नेल्या. कंपवातात साध्या सपाट जमिनीवर पाय उचलत नाही, पण समोर ओलांडायला काही दिसलं की मेंदूला वाट सापडते. हे तिनं मला नंतर समजावलं. त्या क्षणी ती काकांना एवढंच म्हणाली, "काका, रस्ता विसरा. फक्त ही रेघ ओलांडा."

काकांनी खाली बघितलं. उजवा पाय उचलला आणि रेघेपलीकडे ठेवला. मग दुसरी. मग तिसरी. सगळे इतके गप्प होते की चपलांचा आवाज येत होता. शेवटची रेघ त्यांनी ओलांडली आणि त्यांच्या मागून मी. आईनं बसल्या बसल्या काकांच्या गळ्यात पदक घातलं. त्यासाठी त्यांना खूप वाकावं लागलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोहे गार झाले तुझे."

साडेनऊला रस्ता उघडला तेव्हा आम्ही शेवटच्या खुर्च्या उचलत होतो. फक्की तशीच राहिली. पहिल्या रिक्षेची चाकं तिच्यावरून गेली आणि दोन पांढरे पट्टे वर्तकनगरच्या दिशेनं लांबपर्यंत उमटत गेले.

घरी पोचायला बारा वाजले. जिना चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि आधार देणाऱ्यानं मागे, एक पायरी खाली उभं राहायचं. मी मागे होते. आई एका पायरीवर थांबली, श्वास घेतला, परत चढली. तिनं काठी उचलली की पायरीवर चार पांढरे ठिपके राहत होते. खालच्या पायऱ्यांवर ठळक, वर वर जाताना फिके. बाराव्या पायरीवर दोनच दिसले. मग दार आलं.